राखीव आवाज

२०४१ च्या उन्हाळ्यात साल्मेरा बेटाच्या विमानतळावर दर पन्नास सेकंदांनी एक विमान उतरत किंवा उडत होतं, आणि धावपट्टीपासून दोन किलोमीटरवरच्या सोरेल गावात त्यातलं एकही ऐकू येत नव्हतं. हे माझं काम. कुणी विचारलं तर मी अजूनही आधी एवढंच सांगते. बाकीचं सांगायला वेळ लागतो.

मी हेमांगी, मिरजेची. माझे अप्पा तंबोऱ्याची जवारी लावायचे. घोडी कानशीने जरा घासायची, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार खुलेपर्यंत दिवस गेला तरी चालेल. त्यांचा कान मला आला आणि मी तो घेऊन ध्वनीच्या अभियांत्रिकीत गेले. "मी आवाज उघडतो, ही बंद करते," असं अप्पा आल्यागेल्याला सांगायचे. थट्टेत सांगायचे, पण मला ते कधी आवडलं नाही.

साल्मेरा हे भूमध्य समुद्रातलं लहानसं बेट. राहणारे लाखभर, आणि उन्हाळ्यात आठवड्याला पाच लाख पाहुणे. त्यांच्यासाठी तिसरी धावपट्टी हवी होती. गावांतला आवाज ठरलेल्या मर्यादेखाली राहिला तरच बांधा, असं कोर्टाने बजावलं. विमानतळ कंपनीने आधी घराघरांना जाड काचा देऊ केल्या. सोरेलचे लोक म्हणाले, आम्ही सहा महिने अंगणात जेवतो, अंगणात झोपतो. अंगणाला काच कुठून लावणार? मग कंपनीने आमचं आवाज अडवणारं कुंपण मागवलं, आणि कुंपणाबरोबर मला.

राहायला मला बिएल आणि माग्दा यांच्या घरातली वरची खोली मिळाली. दोघंही सत्तरीपुढची. बिएल डोंगरावरच्या पायऱ्यांच्या शेतात ऑलिव्हची झाडं सांभाळायचा. मी त्याला बाबा म्हणायचे. बेटावरच्या लोकांना 'ह' जमत नाही, म्हणून मी तिथे एमा झाले. तीन वर्षांत मी त्यांची भाषा शिकले आणि माग्दाच्या हातचं माशाचं सूप घाम पुसत प्यायला शिकले.

"तुझ्या कुंपणाचे ते खांब करतात तरी काय?" बिएलने एकदा जेवताना विचारलं.

मी त्याला दाराशी उभं केलं. "तुम्ही बाहेरून ढकला, मी आतून ढकलते. सारखाच जोर, एकाच वेळी."

दार हललं नाही. म्हातारा खूश झाला. मग मी खाली बसून समजावलं. आवाज म्हणजे हवेचा दाब, क्षणात वाढतो, क्षणात उतरतो. तो वाढेल नेमका तेव्हा उलटा दाब दिला की हवा जागच्या जागी राहते, आणि कानापर्यंत काही पोचत नाही. कानात घालायच्या यंत्रांत हे केव्हापासून आहे, पण तिथली जागा करंगळीएवढी. अख्ख्या गावावर करायचं तर वारा, ऊन, घरांच्या भिंती, सगळीच लाटेला इकडेतिकडे वळवतात. आमच्या पिढीत दोन गोष्टी जमल्या. लेझरने गावावरची हवा क्षणाक्षणाला मोजता येऊ लागली, आणि कागदासारख्या पातळ पत्र्याचे स्पीकर निघाले, एकेका खांबावर हजारो. सोरेलभोवती दोनशे दहा खांब होते. बाहेरून येणारी लाट आधी त्यांना भेटायची, आणि ती गावात पोचायच्या आत तिची उलटी लाट तयार असायची. गावातल्या गावात कुणी हाक मारली, भांडं पडलं, तर ते ऐकू यायचं, कारण ते कुंपण ओलांडत नव्हतं. बाहेरून येणारा खालच्या पट्टीतला, लांबलेला आवाज मात्र कुंपणावर संपायचा.

"कुठलाही?"

"कुठलाही. यंत्राला विमान कळत नाही, बाबा. लाट कळते."

"आणि चर्चची घंटा? बोटीचा भोंगा?"

"त्यासाठी यादी आहे."

कोर्टाने तीही अट घातली होती. गावाला जे आवाज हवेत ते नमुना घेऊन राखीव ठेवायचे, म्हणजे यंत्र त्यांना हात लावणार नाही. आम्ही त्यांना राखीव आवाज म्हणत होतो. ती यादी करणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं काम होतं. पाच महिने मी आवाज टिपायचं यंत्र खांद्याला लावून हिंडले. शेळ्यांच्या घंटा, दोन चर्चच्या घंटा, पावाच्या गाडीचा हॉर्न, बंदरातला भोंगा, दरीतून येणारा पाणचक्कीचा आवाज. एकसष्ट आवाज झाले. बासष्टावा होता बिएलचा शंख.

आपल्याकडे शंख देवघरात असतो. त्यांच्याकडे तो स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी होता. टोक कापलेला, तोंडाकडे झिजून गुळगुळीत झालेला. दर पिढीत गावाचा एक शंखवाला असतो, आणि पन्नास वर्षं तो बिएल होता. लग्नाची हाक वेगळी, माशांच्या होड्या आल्याची वेगळी, मयताची वेगळी. तिन्ही त्याने माझ्यासाठी अंगणात वाजवून दाखवल्या. गाल असे फुगायचे की माग्दा तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावून हसायची.

"आणि चौथी?" मी विचारलं. "वणव्याची?"

तो शंख पुसत राहिला. "ती नाही."

"नमुन्यापुरती. एकदाच."

"आग नसताना ती वाजवत नाहीत, एमा. माझ्या बापाने मला ती शिकवली तीसुद्धा तोंडाने, हवेत. शेवटची वाजवली त्याला एकतीस वर्षं झाली. गाव दहा मिनिटांत वर आलं, बायाबापड्या, सगळे. का आलं? कारण ती हाक कधी खोटी निघालेली नाही."

"निदान कशी असते ते तरी सांगा."

"तीन लांब फुंका. छातीत असेल नसेल तेवढी हवा. आणि वाजवणाऱ्याने जागा सोडायची नाही. पहिला माणूस येईपर्यंत तिथेच उभं राहायचं, कारण लोक आवाजाच्या रोखाने येतात. आवाज हलला तर लोक चुकतात."

मी माग्दाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मलाही येते ती. मीही वाजवणार नाही."

मी चार दिवस त्यांच्या मागे लागले. पाचव्या दिवशी आमच्या प्रकल्पाच्या प्रमुखाला, होल्गरला, अडचण सांगितली. उद्घाटनाला नऊ दिवस होते. पाहुणे ठरलेले, मंत्री ठरलेले. होल्गर वाईट माणूस नाही, त्याला फक्त तारखा दिसतात.

"तीन नमुने आहेत ना? त्यावरून चौथा धर. शंख तो शंख."

मी यादीत लिहिलं: शंख, सर्व हाका. खाली सही केली.

आता जे सांगते ते नंतर नेमलेल्या चौकशी समितीलाही सांगितलं होतं, त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मला कळलं होतं. लग्नाची, होड्यांची, मयताची, तिन्ही हाका तुटक आहेत. सूर लागतो, तुटतो, पुन्हा लागतो. यंत्र त्यांना त्या तुटण्यावरून ओळखतं. चौथी हाक लांब, सपाट, खालच्या पट्टीतली. दुरून येणाऱ्या विमानाचा आवाज नेमका तसाच असतो. जवारीच्या घरात वाढलेल्या पोरीला हे कुणी समजावून सांगायला नको. मी ते कानामागे टाकलं, कारण एकतीस वर्षांत जे वाजलं नाही ते या नऊ दिवसांत कशाला वाजेल, असं मला वाटलं. नऊ दिवसांनंतरही दिवस असतात, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

कुंपण सुरू झालं त्या सकाळी सोरेलचे लोक चौकात येऊन उभे राहिले. डोक्यावरून विमान गेलं, इतकं खाली की खिडक्या दिसल्या, आणि खाली फक्त चिमण्यांचा आवाज होता. एक म्हातारी रडायला लागली. माग्दाने माझे दोन्ही गाल धरून मुका घेतला. मी अप्पांना फोन लावला, तर ते म्हणाले, "शाब्बास. आता तिथे काय ऐकू येतं?" मी म्हटलं, "काहीच नाही, अप्पा!"

ऑगस्टचा तिसरा मंगळवार. माग्दा आणि मी अंगणात जेवायला बसलो होतो. बिएल सकाळीच वर शेतात गेला होता, दोनपर्यंत येतो म्हणाला होता. माग्दाने त्याच्या सुपावर झाकण घातलं. माझा टॅबलेट टेबलावर उपडा होता. जेवताना तो उपडा ठेवायचा, हा माग्दाच्या घरचा नियम. आम्ही टोमॅटोबद्दल बोलत होतो. यंदा साल जाड आहे, असं ती म्हणत होती.

वारा समुद्राकडून होता, त्यामुळे धूर डोंगरापलीकडे जात होता. हॉटेलांच्या बाजूला आगीचे कॅमेरे होते. आमच्या बाजूला शंख होता, म्हणून कॅमेरे नव्हते. दोन पस्तीसला वारा फिरला आणि अंगणात एकदम जळका वास आला. माग्दा उठली, डोंगराकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पण त्याने हाक कशी दिली नाही?"

मी टॅबलेट उलटा केला. पडद्यावर नोंदी होत्या.

२:०७. लांब स्वर, डोंगराकडून. मिटवला.
२:०७. लांब स्वर, डोंगराकडून. मिटवला.
२:०८. लांब स्वर, डोंगराकडून. मिटवला.

अशा तेहतीस नोंदी. तीन तीनच्या अकरा हाका. शेवटची २:३३ ची. शेवटच्या तीनमध्ये स्वर आखूड होत गेला होता, आणि यंत्राने तोही बरोबर पकडला होता.

तो सापडला शेताच्या हद्दीच्या दगडापाशी. फोन खिशात होता. त्याने कुणालाही लावला नव्हता, कारण हाक दिलेली होती. वारा फिरेपर्यंत अर्धा तास खाली यायची वाट मोकळी होती. सत्तरीचा माणूससुद्धा चालत पंधरा मिनिटांत उतरला असता. तो उतरला नाही. गाव निघालं असेल, असं धरून तो ओल्या पोत्याने आग झोडपत राहिला आणि मधेमधे फुंकत राहिला.

मयताची हाक माग्दानेच वाजवली, कुंपणाबाहेरच्या दफनभूमीतून. ती गावात स्वच्छ ऐकू आली. ती यादीत होती.

दुसऱ्या दिवशी मी होल्गरसमोर नोंदी ठेवल्या. यंत्र बंद कर म्हटलं. त्याने सगळं वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"चूक यादीत आहे, हेमांगी. यंत्रात नाही. यंत्राने सांगितलं ते केलं."

"यादी माझी आहे. मी सही केली."

"म्हणून तर मी तुला हे मोठ्याने बोलू नकोस म्हणतोय. कुंपण बंद केलं तर विमानतळ बंद. दिवसाला सत्तर हजार माणसं हवेत असतात. त्यांना कुठे उतरवू?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "चौथ्या हाकेचा नमुना आण. त्याच दिवशी यंत्रात घालतो. माझा शब्द."

माग्दाला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. अंदाजाने भरलेली ओळ, सही, सगळं. ती कांदे निवडत होती, निवडत राहिली. ती मला हाकलून देईल असं वाटत होतं, आणि तिने हाकललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे यंत्राला ऐकू आली?" तिने विचारलं.

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मग तो बरोबर वाजवत होता," ती म्हणाली, आणि सूप गरम करायला उठली. दोन ताटल्या मांडल्या. तिसरी काढली होती ती परत ठेवली. मला ते बघवलं नाही, पण मी तिथेच बसून जेवले.

त्यानंतरच्या सोमवारी, दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी माग्दा जळलेल्या शेतात गेली आणि तिने वणव्याची हाक दिली. मी तिच्याबरोबर होते.

"आग नसताना?" मी विचारलं.

"नाही कशी?" ती म्हणाली. "खाली बघ. दर पन्नास सेकंदांनी उतरतेय."

तिने तीन लांब फुंका मारल्या. मी ती हाक पहिल्यांदा ऐकली. बिएलने ती मला का वाजवून दाखवली नाही हे त्या क्षणी कळलं. तो आवाज ऐकून माणूस स्वस्थ बसूच शकत नाही.

मी नमुना मागितला. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरंच राखणार?"

"खरंच."

"मग नीट घे. पुन्हा पुन्हा छाती राहिलेली नाही माझ्यात."

इतका स्वच्छ नमुना मी उभ्या आयुष्यात घेतला नव्हता. वारा पडलेला, तिन्ही फुंका दोन विमानांच्या मधल्या वेळात बसलेल्या. त्याच संध्याकाळी मी तो सहीनिशी पाठवला.

पण माग्दा रोज वाजवत राहिली, आणि आठवड्याभरात तिचं बघून इतर गावांतले शंखवाले आपापल्या डोंगरांवर उभे राहिले. दोन वाजून सात मिनिटांनी सगळं बेट वाजायचं. सोरेलसारखं इतर गावांभोवतीही कुंपण होतं, आणि नमुना पाठवूनही गावांत काही ऐकू येत नव्हतं. किनाऱ्यावर मात्र कुंपण नव्हतं. हॉटेलांपुढे, छत्र्यांखाली पहुडलेली माणसं दचकून उठायची, पोरं रडायची, कुणी सामान बांधायचं. तक्रारी आल्या. कंपनी कोर्टात गेली. आग नसताना इशारा देणं म्हणजे जनतेत घबराट पसरवणं, असं तिच्या वकिलाने मांडलं. बिएलचाच नियम होता तो, आणि तो त्याच्याच बायकोवर उलटला. कोर्टाने किनाऱ्यालाही कुंपण घालायची परवानगी दिली.

ऑक्टोबरात होल्गरने मला बोलावलं. पडद्यावर यंत्राच्या दोन याद्या होत्या. एक राखायच्या आवाजांची, दुसरी हमखास मिटवायच्या आवाजांची, जिच्यात तोवर फक्त विमानं होती. दुसऱ्या यादीच्या तळाशी नवी ओळ होती: शंख, चौथी हाक. शेजारी माझं नाव, नमुना घेणारी म्हणून.

"तू शब्द दिला होतास," मी म्हणाले.

"यंत्रात घालतो म्हणालो होतो." तो माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "माझ्या हातात नाही, हेमांगी. वरून आलं. नमुना इतका चांगला होता की एका दिवसात बसला."

मी त्याच्या टेबलावरचं सगळं खाली ढकललं. मग खाली बसून ते गोळा करायला त्याला मदत केली. तेवढंच मला करता आलं. मी वर्तमानपत्रांना नोंदी दिल्या. दोन दिवस बातमी चालली, मग हंगाम संपल्याची बातमी आली. मला काढलं. कामाचा परवाना नोकरीबरोबर जातो. बेट सोडायला तीन आठवड्यांची मुदत मिळाली.

ते तीन आठवडे मी रोज पावणेदोनला डोंगर चढायला लागायचे. सुरुवातीला गावातले वीसेक जण यायचे. मग सात. मग दोघं. त्यांना दोष कसा देऊ? अर्धं गाव विमानतळावर कामाला होतं, पाळ्या होत्या, आणि जी हाक ऐकूच येत नाही तिच्यामागे माणूस किती दिवस धावणार? शेवटच्या आठवड्यात मी एकटीच होते. मी पोचले की माग्दा शंख खाली घ्यायची, एप्रनला पुसायची, आणि आम्ही खाली यायचो. एकदा मला निघायला उशीर झाला. चौकातून मान वर करून पाहिलं तर ती हद्दीच्या दगडापाशी उभी होती, गाल फुगलेले, शंख वर. माझ्या आजूबाजूला कॉफीचे चमचे वाजत होते, कुणीतरी हसत होतं. मी जीव खाऊन पळाले.

"मी गेल्यावर वाजवू नकोस, माग्दा," मी तिला शेवटच्या दिवशी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. तिने मला वाटेत खायला पाव आणि ऑलिव्ह बांधून दिले. "अप्पांना सांग, पोरगी मन लावून काम करते." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मला अजून सोसवत नाही.

विमान दोनचं होतं. सुटायला थोडा उशीर झाला. तिसऱ्या धावपट्टीवरून उडालं की ते सोरेलवरून वळतं, हे मला माहीत होतं, वळण मीच मोजलं होतं. माझी खिडकी डाव्या बाजूची. खाली चौक गेला, चर्च गेलं, खांबांची ओळ गेली. मग जळलेल्या पायऱ्या आल्या, आणि हद्दीच्या दगडापाशी एक छोटी काळी आकृती, दोन्ही हात तोंडाशी.

मी घड्याळ पाहिलं. दोन दहा. म्हणजे तीन मिनिटं झाली होती.

पहिला माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. मी काचेला कपाळ टेकवून गावापासून वरपर्यंतची सगळी वाट शोधली, वळणावळणाने, विमान ढगात शिरेपर्यंत. वाटेवर कुणी नव्हतं.